मार्करची खुर्ची

जाकिटाच्या कडेला शेवटचा टाका घालून मालननं दोरा दातानं तोडला आणि नवऱ्याला वळायला सांगितलं. मच्छिंद्र वळला. बाजूंनी जाकीट आता अंगाबरोबर बसत होतं, पण पुढची दोन टोकं अजून लोंबत होती. जाकीट तिच्या वडिलांचं, आणि आबा मच्छिंद्रपेक्षा वीतभर उंच.

"राहू दे. आत बोलावलंय," तो म्हणाला.

उस्मानाबादच्या क्लबात स्नूकरची राज्य मानांकन स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती. साखर कारखान्याच्या चेअरमनांना ह्या खेळाचा भारी नाद. पहिल्या सोळांत आलास तर कायम करतो, असा त्यांनी मच्छिंद्रला शब्द दिला होता. कायम म्हणजे कारखान्याच्या चाळीत खोली, आणि खोलीत नळ. पावसानं दगा दिला, ऊस वाळला, यंदाचा हंगाम दीड महिन्यात आटोपला आणि हंगामी कामगार घरी बसले, त्यांत मच्छिंद्रही. गल्लीत चार दिवसांआड टँकर येई. मालन पाणी दोनदा गाळून उकळी, तरी भांड्याच्या तळाशी गाळ राहीच. दहा महिन्यांची लेक ह्या उन्हाळ्यात दोनदा जुलाबांनी आजारली होती. दुसऱ्या खेपेला तिचे डोळे खोल गेले, तेव्हापासून मालन झोपेतही तिच्या नाकाशी बोट धरून बघे.

आजचा सामना सोलापूरच्या शरणबसप्पाशी. जिंकेल तो सोळांत.

मालन लेकीला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली. समोर गुणफलक आणि त्याखाली आबांची खुर्ची. पिराजी मार्कर सत्तावीस वर्षं तिथं बसून साहेबांचे गुण पुकारत आले आणि मागच्या चैत्रात, खेळ चालू असताना, त्याच खुर्चीत मान टाकून गेले. तेव्हापासून तिच्यात कोणी बसत नसे. आज हॉल भरला होता, लोक भिंतीला टेकून उभे होते, तरी खुर्ची मोकळीच होती. वेताची बैठक अजून मधोमध खोलगट होती, जणू कोणी आताच उठून गेलंय.

साहेबाला तोंडावर चूक दाखवायची मार्करची टाप नव्हती. कोणाची बाही बॉलला लागली आणि साहेब गप्प राहिले, तर आबा खडूचा ठोकळा फलकाच्या चौकटीवर हलकेच दोनदा वाजवीत. टक, टक. एवढंच. मोठ्यातला मोठा साहेबही मग घसा खाकरून फाउल कबूल करी. रात्री साहेब लोक घरी गेल्यावर मच्छिंद्र आबांकडं खेळ शिकला, तोही ह्याच आवाजाच्या धाकात.

क्यूच्या टोकाला लावायच्या त्या निळ्या खडूचा ठोकळा आबांच्या खिशात सापडला होता. आज तो मालनच्या उजव्या मुठीत होता.

शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर दोनच रंगीत बॉल उरले. गुलाबी सहाचा, काळा सातचा. मच्छिंद्र नऊ गुणांनी मागं. दोन्ही घातले की सामना त्याचा. गुलाबीवर नेम धरायचा तर काळ्याच्या वरून वाकावं लागत होतं. रेफ्री पलीकडच्या बाजूला होता, शरणबसप्पा आपल्या जागी बसून चष्मा पुसत होता. मच्छिंद्र वाकला. जाकिटाचं डावं टोक काळ्याला टेकलं. बॉल गव्हाच्या दाण्याएवढा हलला आणि थांबला.

मालननं एकदम रेफ्रीकडं पाहिलं. त्याला दिसलं नव्हतं. कोणालाच दिसलं नव्हतं, मच्छिंद्रलाही नाही. फाउलचे सात गेले तर सोळानं मागं, आणि टेबलावर उरलेले तेराच. तिनं ओठ मिटून घेतले. लेकीच्या अंगावरचं फडकं नीट होतं, ते तिनं पुन्हा नीट केलं.

टक, टक.

मच्छिंद्रचा मागं नेलेला हात तिथंच थांबला. त्यानं मान वळवून फलकाखाली पाहिलं. मालननंही पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

तो सावकाश सरळ झाला. पोटावरच्या जाकिटाकडं बघितलं, खालच्या काळ्या बॉलकडं बघितलं.

"साहेब, माझं जाकीट लागलं काळ्याला."

रेफ्री म्हणाला, आपण तर काही पाहिलं नाही.

"लागलं," मच्छिंद्र म्हणाला.

पुढं फार वेळ लागला नाही. शरणबसप्पानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चेअरमनांची जीप निघून गेल्याचा आवाज आला.

हॉल रिकामा झाल्यावर मालन लेकीच्या उकळलेल्या पाण्याची बाटली घ्यायला खिडकीकडं वळली. खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर, ती बसली होती तिथं हाताशी, दोन निळे ठिपके होते. शेजारी शेजारी. तिनं मूठ उघडली. तळवा घामानं ओला आणि निळा झाला होता, ठोकळ्याचा एक कोपरा ताजा झिजलेला. हात कधी हलला, ते तिला काही केल्या आठवेना. तिनं पदरानं ठिपके पुसले. पूर्ण गेले नाहीत.

बाहेर लिंबाखाली मच्छिंद्र जाकिटाची घडी घालत होता. त्याचा चेहरा हरलेल्या माणसाचा वाटत नव्हता.

"मामांनी वाजवलं," तो हळूच म्हणाला. "त्या खुर्चीतनं. अजून सोडत न्हाईत बघ. तू ऐकलंस न्हवं?"

लेक जागी होऊन ओठ चाटत होती.

"ऐकलं," मालन म्हणाली.

"मग बरं. मला वाटलं, मलाच भास झाला."

मालननं उजवी मूठ पदरात गुंडाळून घेतली आणि डाव्या हातानं लेकीच्या तोंडाला बाटली लावली. तळाशी दोन घोट उरले होते.