पत्र्यावरची रिकामी आकृती

माणूस गेला तरी त्याची जागा कायम राहते. अब्बासभाईंनी मात्र कायमच्या जागा फक्त हत्यारांना दिल्या होत्या. सिडकोतल्या घराला लागून गाडीसाठी पत्र्याची शेड होती. तिच्या भिंतीवर पाने, पक्कड, हातोडी टांगून या निवृत्त फिटरने प्रत्येकाभोवती पांढऱ्या रंगाने रेघ ओढली होती.

ते गेल्यावर एकच आकृती रिकामी दिसू लागली. लंबगोल डोकं, बारीक मान, हात नाहीत. तिन्हीसांजेला ती आपल्याकडे बघतेय असं वाटे.

"ते हत्यार सापडेपर्यंत त्यांचा जीव इथंच घुटमळणार," त्यांची बायको मेहरुन्निसा म्हणाली.

"अम्मी, म्हणून भिंत रंगवायचीच नाही का?" मुलगा फरहान वैतागला.

"रंगव. मग तुझे अब्बा परत आले तर ओळखतील कशावरून, तुझ्या तोंडावरून?"

फरहानने जुन्या बाजारातून नाना हत्यारं आणली. एकही त्या आकृतीत बसेना. मेहरुन्निसा रोज संध्याकाळी तिच्यासमोर उभी राहून नवऱ्याला घरातल्या बातम्या सांगे.

एकदा सासूला डास फोडून काढताहेत हे बघून सून अरिबा धावत आली आणि आकृतीसमोर थबकली. तिने हातातली वस्तू पत्र्याला लावली. तंतोतंत बसली.

ती डास मारायची रॅकेट होती. अब्बासभाई गेल्यापासून चार्जिंगसाठी ती स्वयंपाकघरातच असायची.