एकट्या घरांचे ठिपके

दारावरची बेल वाजवायची मला आयुष्यभर भीती वाटत आली आहे. आत कोणी जेवत असेल, झोपलं असेल, भांडत असेल, आणि आपण नेमके तेव्हाच जाऊन उभे राहणार असं वाटत राहतं. तरीही एकतीस वर्षं, दर वर्षी थंडी पडायला लागली की मी आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवत आलो, कारण माझ्या हातात वही असायची. वही असली की माणसाला दारात उभं राहायला काहीतरी निमित्त मिळतं.

मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पहिल्याच वर्षी मी जाडजूड कादंबऱ्या मागवून कपाटं भरली, आणि दारात चित्रांच्या पुस्तकांसाठी चाळीस पोरं येऊन उभी राहिली. वसाहत नवी होती, शहराच्या कडेला, घरोघरी दोन-तीन मुलं. हे माझ्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा ठरवलं, आधी माणसं मोजायची, मग पुस्तकं मागवायची. घर क्रमांक, माणसं किती, वयं काय, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मुलं मला मोजणीकाका म्हणायला लागली. ती मुलं मोठी होऊन निघून गेली, नाव तेवढं मागे राहिलं.

निवृत्त झाल्यावरही मी मोजणी सोडली नाही. नव्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, आता सगळं कॉम्प्युटरवर मिळतं." मिळत असेलही. तिसऱ्या गल्लीत कोणाला मोठ्या अक्षरांचं पुस्तक लागतं, ते तिथे मिळतं का हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

पहिल्या वर्षी घरं होती दोनशे बारा, आणि घरटी माणसं पाच. आता पलीकडच्या मोकळ्या रानावर इमारती उभ्या राहिल्या, घरं साडेसहाशेच्या वर गेली आणि घरटी माणसं अडीचवर आली. पण हा अडीचचा आकडा फसवा आहे. बाग असलेल्या जुन्या घरांत, पाच-पाच खोल्यांत एकेक म्हातारं माणूस राहतं. नव्या इमारतींत दोन खोल्यांत नवरा-बायको, दोन मुलं आणि कोणाची तरी आई. बालविभागाचं कपाट मध्ये बारा वर्षं धूळ खात पडलं होतं. आता ते पुन्हा रिकामं व्हायला लागलंय, आणि पुस्तकं परत येत नाहीत, कारण भाड्याने राहणाऱ्या मुलांचा पत्ता दर वर्षी बदलतो. हे सगळं मी घरी जेवताना बायकोला आणि मुलीला सांगायचो. बायको हं हं करायची. मुलगी म्हणायची, "बाबा, जेवा आता."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. जे माणूस एकटं राहतं आणि ज्याला वाचनालयापर्यंत चालवत नाही, त्याच्या ओळीपुढे मी पेन्सिलीने एक ठिपका द्यायचो. दर शनिवारी पिशवी घेऊन ठिपक्यांच्या घरी पुस्तकं पोचवायची. पेन्सिलीने अशासाठी, की ठिपका कधी ना कधी खोडावा लागतो. यंदा अडतीस ठिपके होते.

माझी मुलगी शहरात एका घरबांधणीच्या कंपनीत नोकरी करते. बायको गेल्यापासून ती दर रविवारी येते, फ्रीज उघडून बघते आणि मला रागावते. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, ती तुमची वही आहे का अजून?"

मी म्हटलं, "कोणती?" वही समोरच होती.

"मोजणीची हो. इथे म्हाताऱ्या माणसांसाठी दवाखाना काढायचं चाललंय. कुठल्या गल्लीत किती म्हातारे आहेत, याची माहितीच नाहीये कुणाकडे. मी म्हटलं, माझ्या बाबांकडे आहे."

माझ्या बाबांकडे आहे. एकतीस वर्षांत त्या वहीबद्दल घरातल्या कोणी असं म्हटलं नव्हतं. मला किती आनंद झाला हे लिहायची आज लाज वाटते. मी वही आधी फडक्यात बांधली, मग वर्तमानपत्रात गुंडाळली, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली.

"अहो बाबा, दागिने देताय का मला?" ती हसत म्हणाली.

पंधरा दिवसांनी वही परत आली. मी उघडूनही पाहिली नाही. आपल्याच मुलीने परत आणलेली वस्तू काय तपासायची?

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी वाचनालयात क्लच मास्तर आला. तो गाडी चालवायला शिकवतो, वय चौतीस, तीन मुलं, आवाज असा की वाचनालयात त्याला कुजबुजताच येत नाही.

"काका, खरं सांगा, मी म्हातारा दिसायला लागलो का हो?"

त्याने एक पत्र माझ्यापुढे टाकलं. चांगला जाड कागद. लिहिलं होतं, की आपल्या वयाला एवढं मोठं घर एकट्याने सांभाळणं कठीण जात असेल. जिने, बाग, दुरुस्त्या. आमचे प्रतिनिधी आपल्याला भेटून घरासाठी योग्य प्रस्ताव देतील.

"एकट्याने!" क्लच मास्तर म्हणाला. "बायकोला दाखवलं. ती म्हणाली, प्रतिनिधीला सांग, आधी पोरांना घेऊन जा, मग बघू घराचं." वाचनालयातले सगळे हसले. मीही हसलो. मग मला हसता येईना.

क्लच मास्तरचं घर तिसऱ्या गल्लीत सतरा नंबरचं. एकोणीसमध्ये ऐंशी वर्षांच्या एकट्या बाई राहतात. मी घाईने घरी गेलो आणि वही उघडली. ठिपका सतराच्या ओळीपुढे होता, एकोणीसच्या नव्हता. गेल्या थंडीत माझ्या चष्म्याची काच तडकली होती, तेव्हा ओळ चुकली असणार. चूक कधी कळलीच नाही, कारण पुस्तकं पोचवताना मी वही बघत नाही; पाय आपोआप एकोणीसकडे वळतात. माझी ही चूक जगात एकाच ठिकाणी होती, त्या वहीत.

तरी मी स्वतःला समजावत राहिलो. योगायोग असेल. पत्र वाटणाऱ्याची चूक असेल. माझी समजूत चुकण्याची शक्यता नेहमीच जास्त असते, त्यामुळे मी सहसा स्वतःवर विश्वास ठेवत नाही.

शनिवारी पुस्तकं घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या घरात वहिनी राहतात. त्यांचे यजमान माझे मित्र होते, म्हणून वहिनी. त्या शिवणकाम करायच्या. अजूनही शेजारच्या मुलींचे झगे घट्ट-सैल करून देतात. मशीन खिडकीत ठेवलेलं, कारण वरच्या मजल्यावर आता त्यांना चढवत नाही. दर शनिवारी मी पुस्तक देतो, त्या चहा करतात, आणि आम्ही दोघं गेलेल्या माणसांची थोडी चेष्टा करतो.

त्या दिवशी त्यांनी पुस्तक हातात घेतलंच नाही.

"भाऊजी, मी घर विकतेय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सही करायची."

"असं एकदम?"

"परवा माणूस आला होता कंपनीचा. गोड बोलणारा. आत येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, आजी, वरचा मजला तर बंदच असतो ना? मुलगाही चार वर्षांत आला नाही, मग कशाला जीव अडकवता?" वहिनींनी हातातली सुई टाचण्यांच्या उशीत टोचली. "चार वर्षं, भाऊजी. आकडासुद्धा बरोबर. हे मी कोणाला सांगितलंय? कोणालाही नाही. म्हणजे माझ्या मुलानेच सांगितलं. आई जिवंत असताना घराला गिऱ्हाईक बघतोय. सरळ फोन करून म्हणाला असता, आई, घर काढू या, तर मी नाही म्हटलं असतं का?"

"विचारलंत त्याला?"

"त्याचा फोनच घेत नाही मी. दोन दिवस झाले. वाजतो आणि बंद होतो. त्याला नकोय ना घर? मग मलाही नको."

मी म्हणालो, "वहिनी, कदाचित दुसऱ्या कोणी—"

"दुसरं कोण? तुम्ही? तुम्ही तर घरातलेच."

मी चहा प्यायलो. पुस्तक मशीनवर ठेवलं आणि निघून आलो. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं मला पाठ होतं: मुलगा परदेशी, चार वर्षांत आलेला नाही. वरचा मजला बंद. गुडघे. त्यांनीच कोणत्या तरी शनिवारी चहा ओतता ओतता सांगितलेलं. पुस्तकं निवडायला त्याचा काय उपयोग होता? काहीच नव्हता. मला लिहून ठेवायची सवय होती, एवढंच.

रविवारी मुलगी आली. तिने फ्रीज उघडायच्या आत मी वही टेबलावर ठेवली.

"दवाखान्याचं काय झालं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलण्याचा प्रयत्न तिने केला नाही, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

"होणार आहे दवाखाना. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर."

"कुठली नवी इमारत?"

"बाबा, बसा तुम्ही. ओरडू नका."

मी ओरडत नव्हतो. मला ओरडता येतच नाही.

"कोणाला फसवलेलं नाही आम्ही," ती म्हणाली. "भाव चांगला देताहेत. बळजबरी नाही. त्या लोकांना जिना चढवत नाही, नळ गळतात, बागेत गवत माजलंय. आणि इकडे माझ्याच ऑफिसातल्या मुलींना घर मिळत नाही. तुम्हीच सांगायचात ना जेवताना? पाच खोल्यांत एक माणूस आणि दोन खोल्यांत पाच. तुम्ही सांगत होतात, कोणी ऐकत नव्हतं. मी ऐकलं."

  आकडे माझेच होते आणि बरोबर होते.

"पण शेरे, बाळ?" मी म्हणालो. "लोकांनी मला चहा देताना सांगितलेलं होतं ते. तू ते कंपनीच्या माणसाच्या तोंडी दिलंस. वहिनींना वाटतंय त्यांच्या मुलानेच घर विकायला काढलं."

"ते... शेरे वापरतील असं वाटलं नव्हतं मला. मी फक्त ठिपके म्हटलं होतं."

मी वही उघडून तिला वहिनींची ओळ दाखवणार होतो. पानं उलटताना आमची गल्ली आली, आमचं घर आलं. माणसं: एक. वय: चौऱ्याहत्तर. शेऱ्याचा रकाना कोरा. ओळीपुढे एक ठिपका. निळ्या शाईचा.

मी शाई वापरत नाही.

"हा कोणी दिला?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. लहानपणी पेला फोडला की अशीच बघायची.

"तुम्ही स्वतःच्या घरापुढे दिलाच नव्हतात," ती म्हणाली. "आईला जाऊन दोन वर्षं झाली, बाबा."

"मी वाचनालयात चालत जातो."

"अजून किती दिवस जाल?" मग हळू आवाजात, "तुमचं पत्र मी थांबवून ठेवलंय. म्हटलं, आधी आपण दोघं बोलू. माझ्याकडे एक खोली आहे रिकामी."

ती प्रेमाने बोलत होती, हे मला कळत होतं. त्यानेच जास्त लागलं. दवाखान्याची गोष्ट सांगून तिने माझ्याकडून अडतीस घरं नेली आणि एकोणचाळिसावं स्वतःच्या हाताने घातलं. आणि मी वही फडक्यात बांधून दिली होती. मी खोडरबर घेऊन शाईवर घासून पाहिलं. कागद फाटायला लागला तेव्हा तिने माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. त्या रविवारी ती न जेवता गेली.

सोमवारी सकाळी मी वहिनींच्या दारात उभा राहिलो. दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत परत जाऊन आलो. मंगळवारी सही होऊन जाऊ दिली आणि काहीच सांगितलं नाही तर आपलं नातं वाचेल, असा हिशेब मनात आला होता, हे कबूल करतो. मग बेल वाजवली.

"आज सोमवार ना हो?" वहिनी म्हणाल्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. वही, दवाखाना, मुलगी, कंपनी. सगळं नीट क्रमाने सांगायचं ठरवलं होतं, ते उलटसुलट झालं. शेवटी म्हणालो, "तुमच्या मुलाने कोणाला काही सांगितलं नाही, वहिनी. ते मी लिहून ठेवलं होतं."

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "वाचा."

"काय?"

"माझ्याबद्दल काय लिहिलंय ते. वाचा की. त्या माणसाने वाचलं, मीच काय ती राहिलेय."

मी वाचलं. ओळ छोटी आहे, पण वाचायला फार वेळ लागला.

"गुडघ्यांचंसुद्धा लिहिलंत?" त्या म्हणाल्या. हसतील असं मला क्षणभर वाटलं. हसल्या नाहीत. "मी तुमच्याशी बोलत होते, भाऊजी. मला वाटायचं, मी तुमच्याशी बोलतेय."

आत टेबलावर फोन होता. त्यांनी तो उचलला आणि चष्मा शोधायला लागल्या. चष्मा मशीनवर माझ्या पुस्तकाशेजारीच होता. मी पुढे होऊन द्यायला हात केला, तर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच भिंतीला धरत जाऊन घेतला.

"उद्याच्या सहीचं मी त्याच्याशी बोलून ठरवीन," त्या म्हणाल्या. मग दार लावता लावता थांबल्या. "शनिवारी पुस्तक पायरीवर ठेवून जा. बेल वाजवू नका."

दार लागलं. आत थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "अरे, मी बोलतेय," आणि मग पुढचं ऐकू येईना, किंवा मी ऐकलं नाही. मी पायऱ्या उतरलो होतो.

फाटकाशी वही उघडून मी त्यांचा ठिपका खोडला, शेराही खोडला. अजून सदतीस घरी सांगायचं होतं, क्लच मास्तर धरून. वही पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली आणि ती खांद्याला अडकवली. पुढच्या घरी मी रिकाम्या हातांनी गेलो. दारात उभं राहिल्यावर त्या हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून एक खिशात घातला आणि दुसऱ्याने बेल वाजवली.