तर्री नसलेले बटाटे

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. रंगाने काळी, बुडाने जाड आणि तोंडाने जरा फटकळ. बाळापूरच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. वलगावच्या गंगूबाईने मला बाजारात उचलून पाहिले, टिचकी मारली आणि घरी आणले.

गंगूबाई आणि केशवराव यांचा भाजीचा मळा आहे. मळ्यातली वांगी माझ्यात शिजत आणि वर तेलाची बोटभर लाल तर्री तरंगे. पाहुणे बोटे चाटत, गंगूबाईचे कौतुक करत. माझे नाव कोणी काढत नसे, पण असो! पुढे घरात हलके, चकचकीत तवे आले आणि माझी रवानगी गोठ्यात झाली, गुरांची ढेप, म्हणजे पेंड, भिजवायला. फार वाईट वाटले हो. लोखंडालाही मानपान असतो.

गेल्या हिवाळ्यात केशवरावांच्या छातीत कळ आली. अमरावतीच्या दवाखान्यात त्यांच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तेल, तिखट, मीठ कमी करा, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून त्यांचे ताट बाहेरच्या खोलीत वेगळे मांडले जाऊ लागले. उकडलेला दुधी, फिके वरण. बाकीचे आत जेवत आणि फोडणीचा वास बाहेर येई. केशवराव दोन घास खात आणि ताट सारत. माणूस दिवसेंदिवस खंगत चालला. गंगूबाईच्या जिवाला घोर लागला.

शेवटी सून गीतांजलीने मला गोठ्यातून काढले, राखेने खसाखसा घासले. फोनवर तिने थरांच्या बटाट्यांचा एक पदार्थ पाहिला होता. त्यात साय आणि चीज भरमसाट.

"आई, आपण हलकं करू," ती सासूला म्हणाली.

तिने बटाट्याच्या पातळ चकत्या माझ्यात थरावर थर लावल्या. साय काढलेल्या दुधात चमचाभर ज्वारीचे पीठ कालवून ओतले. मधेमधे लसूण, मिरी, कोथिंबीर आणि ओव्याची चिरलेली पाने. मग मला चुलीवर ठेवून झाकणावर निखारे पसरले. निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजणाऱ्या आमच्या वऱ्हाडात खालून-वरून धग द्यायला काय शिकवावे लागते!

गीतांजली वाळलेले कपडे काढायला गेली. तेवढ्यात गंगूबाईने सांडशीने झाकण उचलले आणि दोन पळ्या तेल ओतले.

"कोरडं कसं खातीन मानूस?" ती पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. मला तिचा रागच येईना. तिची सारी माया त्या पळीतच होती.

केशवरावांनी पहिलीच चकती उचलली आणि ताटात तेल ओघळले.

"हे कोनं टाकलं?"

गीतांजली गोंधळली. गंगूबाई खाली मान घालून म्हणाली, "मीनंच. तुमी खाऊनच नाई राहिले. मले लय भेव वाटते."

केशवरावांनी चकती ताटात परत ठेवली. मग म्हणाले, "अवो, मले जगायचं हाय. तेल नाई पाह्यजे मले. तुमी सारे आतमंदी जेवता अन् मी इथं एकटाच भित्तीकडं पाहत. घास उतरत नाई."

घरात कोणालाच हे सुचले नव्हते, मित्रांनो! सगळे तेलमीठच मोजत बसले होते.

दुसऱ्या दिवशी गीतांजलीने तोच पदार्थ पुन्हा केला, तेलाविना. गंगूबाई उभ्या संसारात सगळ्यांच्या मागून जेवत आलेली बाई. त्या दिवशी मात्र तिने मला उचलून थेट बाहेरच्या खोलीत आणले, दोन ताटे वाढली आणि नवऱ्याला लागून बसली. पहिल्याच घासाला तिने तोंड वाकडे केले.

"माय वं! तर्री नाई, काई नाई!"

केशवराव खो खो हसले. हसता हसता त्यांचे ताट रिकामे झाले. "वाढ पोरी, अजून वाढ," ते सुनेला म्हणाले. गंगूबाईने तोंड वाकडे करत का होईना, पण आपले ताट चाटूनपुसून संपवले.

मित्रांनो, मला घासा, कोरडी करून ठेवा, गोठ्यात टाकू नका, हे सांगणे तर आहेच. पण तुमच्या घरी कोणी पथ्याचे जेवत असेल, तर आज त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्याच भांड्यातले आपल्या ताटात वाढून घ्या.