पंजाच्या विटेची तक्रार

आधी ती बाटली उचला. हो, तुम्हालाच सांगतेय. भिंतीवर रेलून, गार बिअरची बाटली माझ्या तोंडावर ठेवून फोटो काढताय ना, तुम्हालाच. मी वीट बोलतेय, या पडक्या गढीच्या वेशीतली. उजव्या हाताची भिंत, सगळ्यात वरची ओळ, जिच्यात पंजा उमटलाय ती. अठराशे वर्षांच्या वर वय झालं माझं. पण गेल्या सहा वर्षांत जितकी चिडले, तितकी आधी कधी चिडले नव्हते.

आणि ती शेजारची पाटी वाचू नका. पाटी खोटं बोलते. 'लांडग्याचा पंजा, प्राचीन शौर्याचं प्रतीक' म्हणे. कसला लांडगा आणि कसलं शौर्य? कुत्रा होता तो. लंगडा कुत्रा.

मी स्वतः पाहिलाय त्याला. तेव्हाही या डोंगरावर असंच बीच झाडांचं रान होतं. रोमच्या राज्याची हद्द इथे संपायची, म्हणून गढी बांधून शिपाई आणून बसवले होते. त्यातला एक बारसेमिस. दूर वाळवंटातला माणूस, तिरंदाज म्हणून भरती झालेला. इथे त्याच्या हातात दिला विटांचा साचा. थंडीने बोटं फुटायची बिचाऱ्याची. त्याने माझा चिखल तुडवला, मला पाडलं, उन्हात वाळत घातलं आणि पाठ वळवली. तेवढ्यात त्याचा कुत्रा माझ्यावरून चालत गेला. त्याच्या पुढच्या उजव्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं. नीट बघा, पंजाला तीनच बोटं आहेत. बारसेमिसने त्याला दोन शिव्या हासडल्या, मला मोडायला हात उचलला, आणि मग हसून तशीच भट्टीत जाऊ दिलं. कुत्र्याला तो त्याच्या भाषेत 'काळ्या' म्हणायचा.

पुढे शिपाई निघून गेले. आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. छपरं पडली, भिंतींवर मुळं चढली, रानडुकरं माझ्या अंगाला पाठ घासून गेली. त्याची तक्रार नाही. डुक्कर निदान पाटी लावत नाही.

मग खालच्या गावातला एक माणूस बैलगाडी घेऊन आला आणि आम्हाला भरून घेऊन गेला. त्या गावात असं घर नाही ज्यात गढीचा दगड नाही. कुणाच्या विहिरीला, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला. मला त्याने पावाच्या भट्टीच्या तळाला बसवलं, पंजा वर करून. तिथे मी शंभर वर्षं काढली, आणि खरं सांगते, आयुष्यात तेवढंच सुखाचं. ऊब होती, माणसं होती, रोज काम होतं. माझ्यावर जो पाव भाजला जाई त्याच्या बुडाला पंजा उठायचा. गाव त्याला 'कुत्र्याचा पाव' म्हणायचं. बघा, अडाणी गावाला कळलं, पाटी लिहिणाऱ्यांना नाही कळलं.

हळूहळू त्या पावाला मान आला. इथले लोक मानतात की मेलेल्याचा जीव चाळीस दिवस वाटेवर असतो. वाटेत आभाळात चौक्या लागतात, आणि प्रत्येक चौकीवर त्याला अडवून पापांचा झाडा घेतात. म्हणून चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने पाव वाटायचे. पण या गावात ते पाव माझ्यावरच भाजायचे, कारण कुत्रा पुढे चालत असला की चौकीवाले अडवत नाहीत. मला हे पटायचं. मी चौकीवरचीच वीट. इथे जकात घेणारे वाटसरूला तासन् तास उभं करायचे, आणि काळ्या भुंकायला लागला की कंटाळून सोडून द्यायचे. मी पाहिलंय.

भट्टी होती घेरासिम आणि सावेता या नवराबायकोची. कुणाच्याही घरी मयत झालं की बायका पीठ घेऊन सावेताकडे यायच्या. तिने कधी कुणाला परत पाठवलं नाही.

सहा वर्षांपूर्वी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी जिल्ह्याचं पत्र वाचून दाखवलं. गढीची नवी वेस बांधायची आहे, ज्यांच्याकडे जुने दगड-विटा असतील त्यांनी आणून द्याव्यात. गावाने माना डोलावल्या, आणि त्याच आठवड्यात घरोघरी भिंतींना गिलावा झाला. खुराड्यातले रोमन दगड चुन्याखाली गडप. एकटा घेरासिम भोळा निघाला.

"पत्र वाचलंय, तेही देवळात," तो म्हणाला. "आता नाही कसं म्हणायचं?"

"साऱ्या गावाने म्हटलंच की," सावेता म्हणाली. "तुझ्याच जिभेला काय झालंय?"

पण त्याने भट्टीचा तळ फोडला आणि मला गोणपाटात गुंडाळून वर आणलं. जिल्ह्याच्या कचेरीतली बाई गोड हसली. म्हणाली, वीट आपल्या घरी आली. तुमच्या नावाची पाटी लावू, आणि गावाला लागेल तेव्हा भाजायला नेत जा. घेरासिम खूश. पाठ फिरताच गवंड्याने मला सिमेंटमध्ये गाडलं, आणि पाटीवर आला लांडगा. घेरासिमचं नाव कुठेच नाही. घर म्हणे! जिथे चूल नाही ते कसलं घर?

यंदा प्लमची झाडं फुलली आणि घेरासिम गेला.

विसाव्या दिवशी सावेता इथे आली, काळा रुमाल बांधून, काठी टेकत. वेशीवर पहाऱ्याला पामफिल असतो. गावातलाच, तिच्या अंगणात खेळून मोठा झालेला.

"पामफिल, मला वीट दे दोन दिवस. परत आणून देते."

"मावशी, ती सिमेंटमध्ये आहे. आणि नसती तरी माझ्या हातात काय आहे? जिल्ह्याचा कागद लागतो."

ती बसने जिल्ह्याला गेली. आठवड्याने पुन्हा वर आली ती धापा टाकत, आणि त्याच्यासमोर या भिंतीवरच टेकली.

"अर्ज घेतला त्यांनी. तीन महिन्यांनी कळवतो म्हणाले. मी म्हटलं, बाई, चाळिसाव्याला जीव पुढे जातो. तुमचे तीन महिने त्याने कुठे उभं राहून काढायचे?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, हे अर्जात लिहा."

पामफिल टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"साध्या पावावर भागव ना, मावशी. देव काय बूड बघतो का पावाचं?"

"तुझ्या आईच्या चाळिसाव्याला कुठला पाव वाटलास रे? तेव्हा मध्यरात्रीपासून भट्टी कुणी पेटवली होती? साऱ्या गावाच्या मेलेल्यांना कुत्रा मिळाला, आणि ज्याने तो सरकारला देऊन टाकला तोच एकटा जाणार होय?"

  त्या क्षणी मला जीभ असती तर काय काय बोलले असते, ते इथे सांगत नाही.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी मोठी बस आली. चाळीसेक माणसं माझ्याभोवती जमली आणि शहरातला वाटाड्या सुरू झाला, लांडगा, लांडग्याचं रक्त, लांडग्याची जात. तेवढ्यात गर्दीतून काठी वाजली. सावेता आली होती. पाठीला टोपली, टोपलीत ओल्या फडक्याखाली कणकेचे बारा गोळे.

"सरका जरा," ती म्हणाली. "लांडगा नाही हो, कुत्रा आहे तो. मोजा की बोटं."

तिने रुमालाच्या टोकाने मला पुसलं. बिअरचे डाग नखाने खरवडून काढले, आणि माझ्यावर पीठ भुरभुरवलं. सहा वर्षांनी माझ्या अंगाला पीठ लागलं. मग तिने पहिला गोळा ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबला.

"ओ आजी, हात लावायला मनाई आहे," वाटाड्या म्हणाला. "पहारेकरी, बघताय काय?"

पामफिल पुढे आला. पाटीखालची सूचना बघितली, मग सावेताकडे बघितलं.

"मावशी, हात लावू नये असं लिहिलंय."

"मी कुठे लावतेय? कणीक लावतेय."

पामफिलने विचार केला. तो वाटाड्याकडे वळला आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता म्हणाला, "कणकेबद्दल नियमात काही नाही साहेब. तुम्ही अर्ज करा. तीन महिन्यांत कळवतील."

आणि तो तिच्या शेजारी उभा राहून एकेक गोळा टोपलीतून काढून देऊ लागला. ती दाबायची, अलगद सोडवायची, पंजा वर करून सोबत आणलेल्या फळीवर मांडायची. "घट्ट मळलीय," ती कुणाला तरी सांगत होती. "फुगली तरी पंजा बुजणार नाही." बाराच्या बारा झाले. फोटो काढणारे हात केव्हा खाली आले, कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात पाव वाटून झाल्यावर ती पुन्हा वर आली. दोन उरवले होते. एक तिने पामफिलला दिला, घेरासिमच्या नावाने. इथे मेलेल्याच्या नावचं घेताना एक शब्द म्हणतात, 'बोगदाप्रोस्ते', देव त्याला क्षमा करो. पामफिलने टोपी काढून तो म्हटला.

"आणि तो दुसरा?"

"ज्याचा पंजा आहे त्याच्या नावाने. इतकी वर्षं राबतोय, त्याच्यासाठी कुणी एक पाव दिला नाही."

"मग द्यायचा कुणाला?"

"कुत्र्याच्या नावचा माणसाला कशाला देऊ?"

तिकीटखिडकीपाशी एक भटका कुत्रा पडून असतो. तिने त्याच्यासमोर पाव ठेवला. त्याने हुंगला आणि उभ्या उभ्या संपवला. तो शब्द काही त्याला म्हणता आला नाही. शेपूट मात्र बराच वेळ हलत होतं.

एवढंच सांगायचं होतं. मला इथून काढा असं म्हणत नाही, सिमेंट आता सुटायचं नाही. फक्त पुन्हा गोळे घेऊन कुणी चढून आलं तर वाट द्या. आणि निघताना जमलं तर ती पाटी खोडा. खिळ्याने खरवडलं तरी चालेल. त्या लंगड्या कुत्र्याला काळ्या म्हणायचे.