जोडीतला धडधाकट

हवालदार पोलिसात एक दिवसही नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि आता निवृत्त झाला होता. हवालदार हे नाव ताईनं ठेवलेलं. आईवडील गेल्यावर ताई त्याच्याकडे राहत होती, तेव्हा तो तिच्या अगदी हात धुऊन मागे लागला होता. गोळी घेतलीस का? जीभ वर कर बघू. रात्री कुणाशी बोलत होतीस? ताईला तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया होता, त्यामुळे काळजी खोटी नव्हती. पण दिवसातून दहादा विचारलेली काळजी काळजी राहते होय? शेवटी ताईनं एक दिवस बॅग भरली आणि तिच्यासारख्याच बायकांच्या वसतिगृहात जाऊन राहिली. जाताना म्हणाली, "तिकडे येऊ नकोस. तू दारात दिसलास की मी पेशंट होते."

हवालदार शब्दाचा पक्का. गेला नाही. फोन केला तर ती "बरी आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. लग्न त्यानं केलं नव्हतं. घरात बोलायला एक टीव्ही होता, पण तो काही कुणाचं ऐकून घेत नाही.

अशी काही वर्षं गेल्यावर ताईचाच फोन आला. मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी अभ्यास काढला होता. हा आजार असलेल्यांचा मेंदू इतरांपेक्षा लवकर म्हातारा होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी भावंडांच्या जोड्या हव्या होत्या, एक आजारी आणि एक धडधाकट. दोघांचे मेंदूचे फोटो दर दोन वर्षांनी एमआरआयमध्ये काढायचे. संगणक ते फोटो बघून वयाचा अंदाज बांधणार, आणि तो खऱ्या वयाशी ताडून पाहायचा.

"माझ्या मेंदूचं वय काढणारेत," ताई म्हणाली. "तुझंही काढतील. येतोस?"

हवालदार तिथल्या तिथे हो म्हणाला. मेंदूचं त्याला काडीचंही पडलं नव्हतं.

आणि काय सांगावं, त्या तळघरातल्या खोलीत त्याला त्याची ताई परत मिळाली. तिथे दोघांना सारखाच फिका निळा गाऊन, सारख्याच मागच्या नाड्या. घड्याळ, किल्ल्या, चष्मा सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायचं. हवालदाराच्या कवळीला तार होती, म्हणून तीही काढावी लागायची. त्याचं बोळकं पाहून ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. नर्स दोघांनाही तेच प्रश्न विचारायची. एकदा हवालदारानं तारीख चुकीची सांगितली आणि ताईनं बरोबर, तेव्हा ताईची मान अशी काही ताठ झाली की विचारू नका. एकेकाचा निकाल तिथे कुणाला सांगत नसत, शेकडो जोड्यांचा एकत्र हिशोब व्हायचा. म्हणजे कोण पुढे, कोण मागे हा प्रश्नच मिटला. आधी ताई मशीनमध्ये जायची, मग हवालदार. नंतर वसतिगृहाची गाडी येईपर्यंत दोघं कँटीनमध्ये चहा घ्यायची.

"मला आवाज ऐकू येतात म्हणून जन्मभर गोळ्या दिल्या," ताई कपात फुंकर घालत म्हणायची, "आणि इथे हेडफोनमधून कानात आवाज सोडायला एक माणूस पगार देऊन ठेवलाय!"

त्या अर्ध्या तासावर हवालदार दोन वर्षं काढायचा.

या खेपेला मात्र डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "ही शेवटची फेरी हं. तुम्ही दोघांनी फार छान साथ दिलीत."

ताई म्हणाली, "चला, सुटलो!" तिनं ते गमतीनंच म्हटलं असेल, पण हवालदाराला ते लागलं. ती आत गेली, आणि तो बाकावर कवळीची डबी हातात धरून विचार करत बसला.

त्याला मागची एक फेरी आठवली. तेव्हा ताईला खोकला झाला होता, फोटो बिघडले होते, आणि पुढच्या आठवड्यात दोघांना परत बोलावलं होतं. एका फेरीत दोन चहा. म्हणजे जोडीतल्या एकाचे फोटो बिघडले की दोघांना यावं लागतं, असा सरळ हिशोब त्यानं केला.

त्याची पाळी आली. टेक्निशियननं त्याला फळीवर झोपवलं, कानांना हेडफोन लावले, तोंडावर पिंजरा बसवला, हातात रबरी फुगा दिला.

"काका, डोकं अजिबात हलवायचं नाही. काही लागलं तर फुगा दाबा."

मशीन ठोकायला लागलं. हवालदारानं जन्मभर यंत्रांना शहाण्यासारखं वागायला लावलं होतं. आता तो स्वतः लहान मुलासारखा मान हलवत पडला. डावीकडे, उजवीकडे. कुणाला तरी नाही म्हणावं तसं.

आवाज थांबला. "काका, हललात."

"खोकला आला."

"हरकत नाही. तुमचे परत घेतो, आत्ताच. ताईंचे मस्त आलेत, त्यांचं काम झालं."

"आत्ता? अहो, मागे दोघांना परत बोलावलं होतं की!"

"तेव्हा त्याच दिवशी मशीनच बंद पडलं होतं, म्हणून दोघांचं राहिलं, काका. पडून राहा, अर्धा तास लागेल."

अर्धा तास. हवालदारानं आपल्या हातानं आपला चहा घालवला होता. आता निदान लवकर आटपावं म्हणून तो दगडासारखा पडून राहिला. वर पांढरं छत, नाकापासून वीतभरही लांब नाही. जन्मात कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं त्याला, आणि एकटेपणाची सवय तर त्याला चांगलीच होती.

मधेच ठोकणं थांबलं.

"काका, ताईंना तुमच्याशी बोलायचंय. हलू नका."

थोडी खरखर झाली आणि ताई थेट त्याच्या कानात बोलली. "हवालदार, गाडी आलीय रे. ड्रायव्हर थांबायला तयार नाही. निघते मी."

हवालदारानं फुगा दाबला.

"बोला काका," टेक्निशियन म्हणाला. "ऐकू येतंय आम्हाला."

"ताई," तो बोळक्या तोंडानं घाईघाईनं म्हणाला, "मी तिकडे येऊ का? कधीतरी. नुसता बसेन. गोळ्याबिळ्या काही विचारणार नाही. शप्पथ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नको रे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यानं वाद घातला असता. "तू नाही विचारणार. पण तुझे डोळे विचारतील. तुला कळणारसुद्धा नाही."

"ताई, अगं..."

"इथेच बरं होतं आपलं. खूप बरं होतं. जेवत जा वेळेवर. आणि हलू नकोस आता, त्या पोराला किती ताप देतोस!"

माइक बंद झाला. हवालदाराच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी हेडफोनखाली उतरलं. पिंजऱ्यामुळे हात तोंडापर्यंत पोचत नव्हता.

टेक्निशियननं काही वेळ काहीच सुरू केलं नाही. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "काका, जरा बाहेर घेऊ का? फक्त मग सगळं पहिल्यापासून करावं लागेल, वेळ जाईल."

"जाऊ दे वेळ," हवालदार म्हणाला. "बाहेर कुणी थांबलेलं नाही."