भंडारा उचलून भरलेली घागर

मित्रांनो, करकर आवाज ऐकून दचकू नका. ती मीच, भगवंतरावांच्या विहिरीवरची म्हातारी लोखंडी गरारी, म्हणजे दोर ओढायची कप्पी. कुरकुरायची खोड मला पहिल्यापासूनची, आणि आता तर अंगावर गंज चढलाय. पण आजच्या कुरकुरीला कारण आहे, तेवढं ऐकून घ्या.

मलकापूरच्या एका भट्टीत मला ओतलं. एस.टी.च्या टपावरून आणि मग बैलगाडीतून मी जानेफळजवळच्या या गावात आले. विहीर भगवंतरावांची, पण पाणी साऱ्या गावाचं, असा तेव्हाचा रिवाज होता. बायका दोर सोडायच्या, मी फिरायची, घागर वर यायची. त्यातली सोजराबाई तर सणावाराला मला हळदकुंकू लावायची, चाकात तेल घालायची. "दिवसभर वरडते बिचारी, तिचाबी घसा सुकत असंन," म्हणायची. खरं सांगते, एवढी माया मला परत कुणी केली नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावातल्या बाकीच्या विहिरी आटल्या, नदीतले झरेही आटले. माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. पिण्याजोगं पाणी उरलं ते फक्त माझ्याखाली. आणि नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

भगवंतराव उभे राहिले. त्यांच्यासमोर उभा राहिला सोजराबाईचा सख्खा भाऊ, उकंडराव. त्याचं म्हणणं एकच होतं. दुष्काळ आहे तोवर ही विहीर सरकारने ताब्यात घ्यावी आणि सगळ्यांना सारखं पाणी द्यावं. निवडून आलो की पंचायतीचा ठराव घेऊन मेहकरला तहसीलदाराकडे जातो, असं तो घरोघर सांगायचा. लोकांना ते पटलंही होतं.

पण भगवंतराव वस्ताद माणूस! त्यांनी शिवी दिली नाही, काठी उचलली नाही. माझ्या शेजारी, विहिरीच्या काठावर एक ताट मांडलं. त्यात बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. "बेलभंडारा उचला, मत मलेच देईन अशी आन घ्या, अन् घागर भरा. जबरदस्ती नाई बाप्पा कोनाले!"

जबरदस्ती नाही म्हणे! घरात लेकरं तहानेने रडतायत आणि म्हणे जबरदस्ती नाही!

सोजराबाईची मुलगी शैलजा बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात ओली बाळंतीण, तान्हं बाळ आणि रांजण कोरडा. सोजराबाई ताट बघून रिकामी घागर घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

"भगवंतराव, सख्खा भाऊ हाये तो माहा."

"मंग भावाच्याच घरून ने पानी."

तिने भंडारा उचलला. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडावा, हे इथल्या माणसाच्या मनातसुद्धा येत नाही. घागर भरताच ती मागे न बघता घराकडे निघाली.

मतदान शाळेत झालं. बाया-माणसं येताजाता बोलायची, ते मी ऐकलं. दारात पोलीस होता, पेटीला सील होतं, आडोशाला कापड लावलं होतं. कोण कुठे शिक्का मारतो ते कुणाला दिसलं नाही. मतदान शांततेत पार पडलं, म्हणून निवडणूक घ्यायला आलेले साहेब खूश होऊन गेले. उकंडराव सपाटून पडला. "घरच्यायनंबी मत नाई देल्लं बे त्याले," म्हणत पोरं हसली.

निकालानंतर भगवंतरावांनी माझा दोर काढला. विहिरीवर इंजिन बसवलं आणि पाणी संत्र्याच्या बागेला लावलं. सोजराबाई धावत आली. "आम्ही तं आन पाळली नं?"

"तुम्ही मताची आन घेतली होती. मी पान्याची कुठी घेतली?"

सोजराबाई मग ओढ्यातलं डबकं उपसून गढूळ पाणी आणू लागली. शैलजाच्या बाळाला हगवण लागली आणि ते गेलं.

त्यानंतर एकदा सोजराबाई माझ्याखाली काठावर नुसतीच बसून होती. उकंडराव आला. त्याला बघताच तिला हुंदका फुटला.

"दादा, म्या तुले मत नाई देल्लं रे. ते पानीबी गेलं अन् लेकरूबी गेलं."

उकंडराव तिच्या शेजारी बसला.

"माय तापानं फणफणत होती, सोजरे. घरात पान्याचा थेंब नोयता. म्याबी याच ताटातला भंडारा उचलला. माहा सोताचा शिक्काबी भगवंतरावाच्याच नावावर हाये."

हे खरं आहे. भर उन्हात, तोंडाला रुमाल गुंडाळून तो आला होता, आणि त्याची घागर मीच वर आणली होती.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल, कुठल्यातरी गावात निवडणूक घ्यायला जाईल. साल वाईट असेल तर पेटीला सील लावायच्या आधी विचारा, बाबांनो, इथलं पाणी कुणाच्या हातात आहे? तहानलेल्या माणसाला आधी पाणी पाजा. मत त्याच्याकडे मग मागा.