चिठ्ठीविना गेलेले खडे

दिनांक ९ नोव्हेंबर १९८२, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. खोलीत माणसे तीन, टेबलावर लाल खडा एक. मित्रांनो, मी त्याच खोलीतली एक जुनी भट्टी आहे, कृत्रिम माणके बनवणारी. त्या दिवशी माझ्यासमोर एक खोटे बोलले गेले आणि त्यात माझाही वाटा होता. हे सांगताना मान खाली घालावीशी वाटते. पण मला मान नाही, म्हणून सरळच सांगते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत माझा जन्म झाला. तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या मास्तरांनी नोकरी सोडली आणि मोडीतले नळ, झडपा व दाबमापके जुळवून तीन वर्षांत मला उभे केले. माझे काम असे: वरच्या डब्यातली भुकटी बारीक हातोडीच्या ठोक्यांनी ज्योतीतून झरते, दोन हजार अंशांवर वितळते आणि खालच्या मातीच्या खुंटीवर थराथराने साचत चार तासांत बोटाच्या पेराएवढी लाल कांडी होते. खुंटी खाली नेणारा माझा स्क्रू दर फेऱ्याला किंचित अडखळे. त्यामुळे कांडीत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर एक गडद, वक्र रेषा उमटे. दुरुस्तीचा विषय निघाला की मास्तर म्हणत, "राहू दे. उतरताना आमच्या भट्टीबाईंचा गुडघा धरतो, त्याला मी काय करू?" भिंगाखाली ती रेषा दिसली की खडा माझा, हे त्यांना तत्काळ कळे.

प्रथम मी घड्याळांसाठी खडे दिले, नंतर अंगठ्यांसाठी. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, प्रत्येक पुडीत स्वहस्ते एक चिठ्ठी घालत: "हा खडा भट्टीत बनवलेला आहे." चिठ्ठीवाचून पुडी दाराबाहेर पडायची नाही, हा घरचा नियम होता. बघायला येणारे म्हणत, खाणीतल्यापेक्षाही याचा रंग सरस आहे. ऐकून ऐकून मी फुगले. चिठ्ठी मला अपमानासारखी टोचू लागली.

वहिनी गेल्या. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मास्तरांच्या धाकट्या भावाकडे आले. सराफांकडे माल पोचवणारेही तेच. महिनाभरात ते म्हणाले, "दादा, खड्याच्या गळ्यात पाटी कशाला अडकवायची? सराफ सांगेल की गिऱ्हाइकाला."

मास्तर झडप तपासत होते. म्हणाले, "बघ तुझं तू."

मित्रांनो, त्या दिवशी मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही.

चार वर्षांनी, त्या नोव्हेंबरातल्या सकाळी, निवृत्त नर्सबाई आल्या. मास्तरांची दोन्ही मुले त्यांच्याच हातांवर जन्मलेली. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी सराफाकडून माणकाची अंगठी घेतली होती, आणि नवऱ्या मुलाच्या आत्याने खड्याविषयी शंका काढली होती. "मी त्यांना छातीठोकपणे सांगून आलेय," बाई म्हणाल्या. "तेवढं तुमच्या तोंडून ऐकते नि जाते. खाणीतलाच ना?"

मास्तरांनी भिंग लावले. अर्ध्या मिलिमीटरवर एक गडद रेषा. तिच्यापुढे दुसरी. दारात धाकटे भाऊ उभे होते, पायांच्या नखांकडे बघत. खरे बोलावे तर सख्ख्या भावाला त्याच्यासमोरच उघडे पाडावे लागणार होते, आणि "बघ तुझं तू" म्हणणाऱ्या स्वतःलाही. मी तेव्हा पेटलेलीच होते. माझा स्क्रू अडखळला. मास्तरांनी तो आवाज ऐकला, पण वर पाहिले नाही.

"हो," ते म्हणाले. "खाणीतलाच."

बारा दिवसांनी शहरातल्या तपासनिसाने सत्य सांगितले. लग्न झाले, परंतु सोयऱ्यांत नर्सबाई लबाड ठरल्या. त्या पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही की त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"फसले, त्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण मी तुमचं नाव घेऊन भांडले त्यांच्याशी."

त्या गेल्यावर मास्तरांनी माझा वायू बंद केला, तो कायमचा. ते आधी नर्सबाईंच्या भाचीच्या सासरी गेले आणि ओसरीवर उभे राहून, खोटे आपण बोललो, बाई नव्हे, असे सर्वांदेखत सांगून आले. त्यानंतर भिंग आणि कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन ते सराफांच्या गिऱ्हाइकांची दारे ठोठावत दोन वर्षे हिंडले. काहींनी अंगठी काढून दिली, काही हसले. एका आजींनी तर मूठ घट्ट मिटली आणि म्हणाल्या, "आमचा खराय, मास्तर. तुम्ही या आता." नर्सबाईंनी मात्र या रस्त्याने येणेच सोडले.

आज माझ्या नळ्यांवर गंज आहे. तो पुसा, अशी माझी विनंती नाही. मित्रांनो, तुमच्या हातून जे घडेल ते काय आहे, हे त्याच्यासोबत लिहून द्या. ते लिहिण्याचे काम दुसऱ्यावर सोपवू नका. भट्टीत जन्मण्यात लाज नव्हती. ते लपवले गेले तेव्हा मी सुखावले, याची मला लाज आहे.

चिठ्ठीविना गेलेले खडे चारशे बारा. पुढे चिठ्ठी मिळालेले सदतीस.